गिटारवाल्याने ॲक्टिंग केली तर तो विकला गेला का?

प्रश्न थोडक्यात असा: पत्र लिहिणारा डोंबिवलीचा, तिशी ओलांडलेला, ऐरोलीला आयटीत नोकरी. २०११ साली मेहबूब स्टुडिओतल्या फेस्टिव्हलला बडी गाय या अमेरिकन गिटारिस्टला ऐकलं आणि तेव्हापासून ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या संगीताच्या, नादाला लागला. वीकेंडला बँडबरोबर वाजवतो, स्वतःची थोडी मराठी-इंग्रजी गाणीही आहेत. आता एका वेब सिरीजवाल्यांनी त्याला एका गिगला पाहिलं आणि रोल देऊ केलाय: नव्वदच्या मुंबईतल्या बारमध्ये वाजवणारा, दारूत बुडालेला गिटारिस्ट. शिवाय त्याची दोन गाणीही त्यांना हवीत, "एकरकमी". बँडमधले म्हणतात सोल्ड आउट झालास, बाबा म्हणतात गाणं जमलं नाही म्हणून आता नट व्हायला निघाला. त्याला स्वतःला भीती अशी की एकदा पडद्यावर दिसलो की लोक मला खोटा ब्लूजवाला समजतील, आणि नाही म्हटलं तर आयुष्यभर हळहळत बसेन. तो विचारतो, "संगीत की अभिनय, एकदाच काय ते ठरवायचं असेल तर कसं ठरवू?"

मित्रा,

सगळ्यात आधी मला एवढंच सांग, एकदाच काय ते ठरवायचं हे तुला कोणी सांगितलं? सिरीजवाल्यांनी तर नाही. त्यांनी एक रोल दिलाय, तोही बहुतेक चार-सहा सीनचा, त्यात मरतोही वाटतं तो गिटारिस्ट शेवटी (दारूत बुडालेले सगळे मरतातच आपल्याकडे). तू मात्र पत्रात त्याचं पार आयुष्याचं तिकीट करून टाकलंस. हे करणारा तू एकटा नाहीस, मला अशी पत्रं ढोलकीवाल्यांकडून येतात, भजनी मंडळात गाणाऱ्या मुलींकडून येतात, कारण हल्ली सिरीज आणि सिनेमावाल्यांना "खरा वाजवणारा" हवा असतो आणि मग त्या खऱ्या वाजवणाऱ्याची झोप उडते.

तू ब्लूजवाला आहेस म्हणून तुझ्याच घराण्यातल्या एका माणसाबद्दल सांगतो, क्रिस थॉमस किंग. नाव कदाचित डोक्यात येणार नाही पण चेहरा तू पाहिलायस, कोएन बंधूंच्या २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' मध्ये चौरस्त्यावर गिटार घेऊन उभा असलेला तो टॉमी जॉन्सन, ज्याला जॉर्ज क्लूनी आणि मंडळी गाडीत घेतात आणि तो अगदी सहज सांगतो की गिटार यावी म्हणून मी आत्ताच सैतानाला आत्मा विकला. तोच.

आता हा माणूस आला कुठून ते बघ, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. लुइझियानातलं बॅटन रूज. वडील टॅबी थॉमस, स्वतः ब्लूज गायक, साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'हूडू पार्टी' नावाचं गाणं गाजलेलं, आणि पुढे १९८० च्या आसपास त्यांनी गावात स्वतःचा क्लब काढला, टॅबीज ब्लूज बॉक्स. म्हणजे पोराने ब्लूज पुस्तकात वाचून नाही तर घरातच ऐकला, क्लबमध्ये वडिलांबरोबर वाजवला. १९८६ ला आरहूली या लेबलवर पहिला अल्बम आला. आरहूली म्हणजे जुनी, मातीतली गाणी शोधून रेकॉर्ड करणारी मंडळी. त्यामुळे पहिल्याच फटक्यात शिक्का बसला: अस्सल, पारंपरिक, वारसा पुढे नेणारा मुलगा.

आणि या मुलाला नेमकं तेच नको होतं! त्याला हिपहॉप आवडत होतं, त्याच्या वयाच्या पोरांना आवडत होतं तेच. मधली काही वर्षं तो युरोपात, डेन्मार्कमध्ये राहिला, आणि १९९५ मध्ये ब्लूजमध्ये रॅप आणि सॅम्पलिंग (दुसऱ्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून वापरणं) घालून एक अख्खा अल्बम केला ज्याच्या नावातच 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ब्लूज' होतं. ब्लूजच्या जुन्या भक्तांना हा प्रकार फारसा पचला नाही. तोपर्यंत तो नुसता क्रिस थॉमस होता, किंग त्याने त्याच सुमारास नावात जोडलं.

मग पाच वर्षांनी सिनेमा आला आणि सिनेमाने त्याला काय करायला लावलं? १९३७ सालचं मिसिसिपी, जुने कपडे, हातात अकूस्टिक गिटार, आणि शेकोटीपाशी बसून स्किप जेम्सचं १९३१ सालचं 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज'. म्हणजे ज्या जुन्या फोटोतून हा माणूस पंधरा वर्षं बाहेर पडायला धडपडत होता त्याच फोटोत त्याला परत नेऊन बसवलं आणि जगाने टाळ्या वाजवल्या. त्या सिनेमाच्या गाण्यांचा अल्बम लाखोंनी खपला, २००२ मध्ये त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं. किंगच्या स्वतःच्या प्रयोगांच्या वाट्याला याच्या पासंगालाही पुरेल इतका श्रोता आला नव्हता.

मला विचारशील तर खरी गोम इथे आहे. पडद्यावर गेलो की मी खोटा ठरेन ही तुझी भीती मला तितकीशी पटत नाही. उलट भीती वाटायला हवी ती फार खरा ठरण्याची. कॅमेऱ्याला तुझा एक तुकडा आवडतो आणि तो तुकडा म्हणजेच तू असं लोक धरून चालतात. किंगच्या गाजलेल्या भूमिका बघ. टॉमी जॉन्सन, जन्म १८९६. मग २००३ मध्ये विम वेंडर्सच्या 'द सोल ऑफ अ मॅन' मध्ये ब्लाइंड विली जॉन्सन, १८९७. २००४ च्या 'रे' मध्ये लोवेल फुल्सन, ज्याच्या बँडबरोबर गायक रे चार्ल्स, ज्याच्यावर तो सिनेमा आहे, तरुणपणी फिरला, जन्म १९२१. तिघंही खरे ब्लूजवाले, आणि तिघंही किंगच्या आधीच्या पिढ्यांतले. एकविसाव्या शतकाचा ब्लूज करू म्हणणाऱ्या माणसाला एकविसाव्या शतकाने गेल्या शतकातले कपडे चढवले, हे मला जरा क्रूरच वाटतं, पण यात अभिनयाचा दोष किती आणि आपल्या बघण्याचा किती हे तूच ठरव.

आणि हे काही सिनेमानेच सुरू केलं असंही नाही. ब्लूज गायक लेड बेलीचं माहितीये ना तुला? तुरुंगातून सुटलेला माणूस, १९३५ मध्ये 'मार्च ऑफ टाइम' न्यूजरीलसाठी त्याला परत कैद्याचे कपडे घालून स्वतःचाच रोल करायला लावला. स्वतःचाच! त्यामुळे बँडमधला जो म्हणतो की खरा ब्लूजवाला ॲक्टिंग करत नाही त्याला हे सांग. शिवाय हेही सांग की ब्लूज गायिका मा रेनी तंबूतल्या फिरत्या शोमधून गायची, जिथे नाच, विनोद, नकला सगळं चालायचं, आणि तशीच दुसरी गायिका बेसी स्मिथ १९२९ मध्ये 'सेंट लुईस ब्लूज' या छोट्या फिल्ममध्ये चक्क मुख्य भूमिकेत आहे. ब्लूज कधीच नुसता कोपऱ्यात डोळे मिटून वाजवायचा प्रकार नव्हता. तो शो होता, पोट भरायचा धंदा होता. डोळे मिटून वाजवणारे आपण नंतर आलो.

सोल्ड आउट म्हणणाऱ्यांची एक गंमत आहे बघ, सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट ज्यांना सगळ्यात भारी वाटते तेच मित्राने सिरीजवाल्यांबरोबर दोन महिने काम केलं की रुसतात. ती गोष्टही लोक रॉबर्ट जॉन्सन या दुसऱ्याच ब्लूजवाल्याच्या नावावर खपवतात, पण टॉमी जॉन्सनबद्दल ती त्याच्या भावाने, लेडेलने, सांगितलेली आहे आणि टॉमीला स्वतःला ती पसरवण्यात मजा येत असावी असं मला वाटतं. पब्लिसिटीच म्हण ना.

पण तुझ्या बँडवाल्यांच्या रागात काहीतरी खरंही आहे, ते उडवून लावू नकोस. शूटिंगच्या तारखा कधीही बदलतात. तुझे गिग पडतील, प्रॅक्टिस पडेल, आणि त्यांना त्याबद्दल कोणी विचारलेलं नाही. सोल्ड आउट हा शब्द पुष्कळदा "आमचं काय?" या प्रश्नासाठी वापरतात. तेव्हा तत्त्वाच्या गप्पा मारण्यापेक्षा त्यांच्यासमोर कॅलेंडर ठेव, कोणते गिग तू करणार, कोणत्याला दुसरा गिटारिस्ट लागेल, त्याचे पैसे तुझ्या वाट्यातून जातील हे आधीच बोलून घे. बघ राग किती उतरतो.

आता दुसरी बाजू, कारण वर लिहिलेलं वाचून तुला वाटेल मी नाही म्हणायला सांगतोय. अजिबात नाही. केब मो घे. सत्तरच्या दशकापासून बँडमधून वाजवणारा माणूस, फार कुणाला माहीत नसलेला. १९९० च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये 'रॅबिट फूट' नावाच्या नाटकात त्याला डेल्टा ब्लूज, म्हणजे मिसिसिपीकडचा जुना ब्लूज, वाजवणाऱ्याची भूमिका मिळाली, त्यासाठी तो त्या जुन्या वाजवण्यात उतरला आणि पुढे १९९४ मध्ये जो अल्बम आला, ज्याने त्याचं नाव झालं, त्यात तेच वाजवणं आहे. म्हणजे भूमिकेने त्याच्याकडून संगीत काढून घेतलं नाही, उलट दिलं. ताज महाल नावाच्या ब्लूजवाल्याने १९७२ च्या 'साउंडर' मध्ये कामही केलं आणि त्याच सिनेमाचं संगीतही, आणि त्यानंतर इतकी वर्षं तो वाजवतोच आहे, त्याला कोणी नट म्हणत नाही. त्यामुळे "संगीत की अभिनय" हा प्रश्नच मला जरा फसवा वाटतो. रोल संपल्यावर जे चार नवे लोक तुला शोधत येतील त्यांना तू काय ऐकवणार, हे जास्त महत्त्वाचं.

किंगने इथे काय केलं ते मला आवडतं. सिनेमाच्या पाठोपाठ २००१ मध्ये त्याने अल्बम काढला आणि नावात सरळ टॉमी जॉन्सनच घातला, पण पुढे जोडलं 'जेनेसिस, १९०० ते १९९०'. म्हणजे लोक ज्या दारातून आलेत त्याच दारात उभं राहून त्यांना आत स्वतःच्या घरात नेलं, जुन्या आवाजापासून आपल्या काळापर्यंत. ते किती साधलं यावर वाद घालता येईल, मला तो अल्बम तुकड्यातुकड्यांतच आवडतो, पण चाल बरोबर होती. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळाच्या पुरात न्यू ऑर्लीन्सचं त्याचं घर पाण्यात गेलं आणि पुढच्या वर्षी त्यावरचा 'राइज' आला, त्यात कुणाचाही पोशाख नाही, तो स्वतःच आहे. आणि २०२१ मध्ये तर त्याने पुस्तकच लिहिलं की ब्लूजचा उगम मिसिसिपीच्या कापसाच्या शेतात शोधू नका, तो न्यू ऑर्लीन्सचा आहे. ज्या सिनेमाने त्याला मिसिसिपीच्या धुळीत उभं केलं त्याच्या बरोब्बर उलट! त्याचं म्हणणं सगळ्यांना मान्य नाही. पण लोक तुमची गोष्ट सांगायला लागले की आपली गोष्ट आपण सांगायची, एवढं त्याने नक्की केलं.

म्हणून तुझ्यासाठी, आणि ज्यांना असे रोल येतायत त्या सगळ्यांसाठीच: सिरीज यायच्या आधी स्वतःचं काहीतरी रेकॉर्ड करून ठेवा. अल्बम नको, तीन-चार गाणी, नीट मिक्स केलेली, आणि त्यात एक तरी असं की जे त्या रोलमधल्या माणसाने कधीच वाजवलं नसतं. तू मराठीत ब्लूज लिहितोस ना, तेच टाक. सिरीज आल्यावर स्टुडिओ शोधायला लागशील तर तोपर्यंत लोक पुढच्या सिरीजवर गेलेले असतील.

दुसरं, वाजवणं तुझंच हवं हे आधी ठरवून घे. 'ओ ब्रदर' मध्ये क्लूनी ओठ हलवतो पण गळा डॅन टिमिन्स्कीचा आहे, आणि ते ठीकच आहे, क्लूनी नट आहे. किंगच्या बाबतीत मात्र आवाज आणि बोटं त्याचीच होती, म्हणून तर नंतर त्या गाण्यांच्या मैफिलींतही तो स्टेजवर होता. तुला वाजवणारा म्हणून घेतलंय आणि नंतर स्टुडिओत दुसऱ्याच कोणाचं वाजवलेलं तुझ्या बोटांवर बसवलं तर तुझ्या हातात काय उरलं? फक्त दाढी.

तिसरं त्या दारूबद्दल. तुला तो रोल क्लिशे वाटतोय हे पत्रात जाणवलं, आणि तू ते बोलायला लाजतोयस, की मिळतंय त्यात खोट कशाला काढा. अरे, बोल. खरा टॉमी जॉन्सन भयंकर प्यायचा, स्टोव्हसाठीचं डबाबंद स्पिरिट प्यायचा आणि त्यावर त्याचं १९२८ चं गाणंही आहे. सिनेमातल्या टॉमीत यातलं काही नाही, तो शांत, जरा मिश्किल, चांगल्या वागणुकीचा मुलगा आहे. म्हणजे दारुडा दाखवायला पुरावा असतानाही लिहिणाऱ्यांनी तो दाखवला नाही. दिग्दर्शकाला जाऊन "मला हे पटत नाही" म्हणू नकोस, त्याने कोणी ऐकत नाही. "नव्वदच्या बारमध्ये वाजवणारे मी बघितलेत, त्यांच्यातला एक सकाळी मुलीला शाळेत सोडायचा, असं काही टाकायचं का?" असं विचार. खऱ्या माणसाचा तपशील दिला की लेखक लोक बहुतेक वेळा घेतात, त्यांनाही तेच हवं असतं.

आणि ॲक्टिंगला हलकं समजू नकोस. तुला स्टेजवर तोंड प्रेक्षकांकडे करून मोठं दिसायची सवय आहे, कॅमेऱ्यासमोर ते भडक दिसतं. तुझ्याकडे जमेची बाजू एकच, समोरच्याचं ऐकायची सवय, ताल पकडायची सवय, ती वापर. एखादं शनिवार-रविवारचं वर्कशॉप कर, फोनवर स्वतःला शूट करून बघ, लाज वाटेल, वाटू दे.

आता पैसे, ज्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. "दोन गाणी एकरकमी." त्या शेकोटीच्या सीनमधलं गाणं स्किप जेम्सचं, तो १९६९ मध्येच गेला होता. शेवटच्या वर्षांत त्याच्या आजारपणाला हातभार लागला तो त्याच्या दुसऱ्या एका गाण्याने, जे १९६६ मध्ये क्रीम या इंग्लिश बँडने रेकॉर्ड केलं, त्याच्या रॉयल्टीने. ज्याने गाणं बनवलं त्याच्याकडे त्याचा हक्क असेल तर कधीतरी, कुठूनतरी पैसा येऊ शकतो. हक्कच गेला तर सिरीज कितीही गाजली तरी तू फक्त बघत बसणार.

रोल घ्यायचा म्हणून गाणी द्यायलाच पाहिजेत असं काही नाही, ते दोन वेगळे करार करून घे. गाणी विकू नकोस, त्या सिरीजपुरती वापरायची परवानगी दे, आणि त्याचे पैसे वेगळे. "कायमस्वरूपी, सर्व माध्यमं, संपूर्ण जग" असली वाक्यं दिसली की थांब. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, त्यानुसार गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा, म्हणजे थिएटरमध्ये सिनेमाबरोबर गाणं वाजतं ते सोडून बाकीच्या वापराचा, निर्मात्याला लिहून देता येत नाही, तुझी इच्छा असली तरी. पण तो वाटा घरबसल्या येत नाही, त्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद होऊन गाणी नोंदवावी लागतात. सिरीजच्या आधी नोंदव. एखाद्या मनोरंजन क्षेत्रातल्या वकिलाला करार दाखवायला जो खर्च येईल तो तू गिटारच्या पेडल्सवर उडवतोस त्यापेक्षा जास्त नसावा. आणि या धंद्यात काम झाल्यावर पैसे यायला तीन महिने लागणं नेहमीचं समजतात, तेव्हा त्या पैशांवर कुठला हप्ता टाकू नकोस.

नोकरी सोडू नकोस. बिनपगारी रजा माग, नाही मिळाली तर सुट्ट्या जोडून बघ, तारखा एकत्र द्यायला सिरीजवाल्यांना सांग. राजीनाम्याचा विचार दुसरा किंवा तिसरा रोल आला तर, तोही तुला आवडला असेल तर. किंगच्या या मोठ्या भूमिकांमध्येही वर्षांवर्षांची अंतरं आहेत, आणि ती त्याने गाण्यांनी भरली, पुढच्या कास्टिंगच्या फोनची वाट बघून नाही.

बाबांचं राहिलं. त्यांना "गाणं जमलं नाही" असं वाटतं कारण त्यांना तुझं गाणं कधी दिसलंच नाही, रात्री साडेअकराला परळच्या पबमध्ये ते कशाला येतील. सिरीज ते घरी सोफ्यावर बसून बघतील. त्यांना पटवायला म्हणून रोल घेऊ नकोस, आणि ते टोमणा मारतात म्हणून सोडूही नकोस, त्यांचं मत या हिशेबात धरूच नकोस सध्या.

मी असतो तर हो म्हटलं असतं. पण त्यांना उत्तराचा फोन करशील तेव्हा मानधनाच्या आधी गाण्यांचा विषय काढ. ते म्हणतील स्टँडर्ड काँट्रॅक्ट आहे, सगळेच सही करतात. म्हणू देत. मेलवर मागव, वकिलाला वाचू दे, आणि गाण्यांवरून रोलच काढून घ्यायला निघाले तर मला परत लिही, तेव्हाचं उत्तर वेगळं असेल.